गरज पडली तर

बायको: पुन्हा उठलात? बसवत नाहीये तुम्हाला, हे दिसत नाही का मला?

नवरा: खिडकी उघडायला उठलो गं.

बायको: उघडीच आहे ती! छातीवरचा हात काढा आधी. ती बारकी गोळी घ्या म्हणते ना जिभेखाली.

नवरा: डॉक्टरांनी तिच्यापुढे एसओएस लिहिलंय. उठसूट घ्यायची नसते ती.

बायको: एसओएस म्हणजे गरज पडली तर. औषधवाल्यानं नीट समजावलंय मला.

नवरा: तो काय मला शिकवणार! जन्म गेला जहाजावर बिनतारी यंत्रापुढे. जहाज बुडायला लागल्याशिवाय एसओएस द्यायचा नाही. उगाच दिला तर बाकीची जहाजं वाट वाकडी करून धावत येतात.

बायको: शेजारीण म्हणते, ‘आमचे आत्मे वाचवा’ असं आहे ते.

नवरा: लोकांनी मागाहून चिकटवलेलं. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. चटकन ओळखू येतं, एवढंच.

बायको: आणि रेंज गेली की माझ्या मोबाईलच्या कोपऱ्यात येतं ते?

नवरा: म्हणजे गप्पा मारता येणार नाहीत, पण मदत मागता येईल.

बायको: मग मागा की! कीर्तनात गजेंद्राची गोष्ट लागली की डोळे पुसता. सोंडेशी पाणी आलं तेव्हा कुठे त्यानं हाक मारली. बुवा काय म्हणाले? “अरे, आधी बोलावलं असतंस तर देव काय रागावला असता?”

नवरा: बुवांना काय जातंय बोलायला!

बायको: चेहरा पांढराफटक पडलाय हो. ‘दुखतंय’ म्हणायला दातखीळ बसलीय का?

नवरा: तू थांबशील तर बोलेन ना! सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू. आमच्याकडे ठरल्या वेळी समुद्रावरची सगळी जहाजं गप्प व्हायची. कुणी कळ दाबायची नाही, नुसतं ऐकायचं. लांबून कुणी हाक मारत असेल, तर गोंगाटात बुडू नये म्हणून.

बायको: बरं. ही मी गप्प.

(ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते.)

नवरा: अगं... पहाटेपासून दुखतंय. हात जड झालाय. भीती वाटतेय गं मला.

बायको: गाडी मी मघाशीच बोलावलीय. जीभ वर करा.