एकच फेरी

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक धावपटू मुलगी आणि तिची आत्या बसल्या होत्या. आत्याचा घसा पार बसला होता.

"डॉक्टरांनी काय बजावलं होतं?"

"दोनपैकी एकच फेरी. घोटा दोनदा मोडलाय, म्हणून पहिली फेरी पुढे राहून बाकीच्यांना वेग धरून द्यायचा आणि बाजूला व्हायचं."

"मग झालीस का बाजूला?"

"विसरले गं."

"विसरलीस? गॅसवरचं दूध विसरतात बाई, शर्यत सोडायचं नाही!"

"शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि पाय ऐकेनातच."

"आणि दुसरी आलीस!"

"तू तरी गप्प बसायचंस. 'पळ पळ' कोण ओरडत होतं?"

"ते डॉक्टरांना सांगू नकोस. घोटा दुखतोय?"

"नाही. पण त्यांनी वर्षभर घरी बसवलं तर?"

दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात एक्स-रे होता.

"हाड धड आहे. पुढच्या शर्यतीत वेग धरून द्यायला दुसरी कुणीतरी शोधा. ही दोन्ही फेऱ्या स्वतःसाठी धावेल."

आत्याने आरोळी ठोकायला तोंड उघडलं, पण नुसती शिट्टी निघाली. मग आरोळी मीच ठोकली.