तांबट आळीतले हातोडे थांबले तेव्हा

मंडळी, ऐका! आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका. ज्याच्याशी आपलं बोलणं नाही, ज्याचं तोंड बघायची आपली इच्छा नाही, त्याच्या घराची राखण आपण करायची की नाही?

बोला! — त्या खांबापाशी दोघी एकमेकींकडे बघताहेत. आणि ह्या पुढच्या दोघी मुद्दाम बघत नाहीयेत! माझं लक्ष आहे बरं का!

तर कृष्णाकाठी एक गाव, आणि त्या गावात तांबटांची आळी. बावीस घरं. पुढे दुकान, मागे संसार. सकाळी नऊ वाजले की हातोडे सुरू! हंडे, घागरी, बंब... दामूअण्णा, जरा तबल्यावर दाखवा. — ठक्-ठक्-ठक्-ठक्! हां! असं दिवसभर. नवी सून आळीत आली की पहिले आठ दिवस कानात बोळे घालायची. नवव्या दिवशी तीच ओरडून बोलायला लागायची! आळीत भांडण चाललंय की गप्पा, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

अशा आळीत, भरदिवसा, दोन घरं फुटली! कुलूप तोडून कपाटं रिकामी! फौजदार आले. म्हणाले, "कुलूप तुटताना कोणीच काही ऐकलं नाही?"

म्हातारे सदुतात्या म्हणाले, "साहेब, काय म्हणालात? जरा मोठ्यानं!"

हसू नका! चोर शहाणा होता. तो रात्री येतच नव्हता. रात्री आळी शांत, कुणी खोकलं तरी ऐकू यायचं. तो यायचा कामाच्या वेळेला. शंभर हातोड्यांत त्याचा एक हातोडा कोण ओळखणार?

फौजदारांनी सगळ्यांना मारुतीच्या पारावर बसवलं आणि समजावलं, "बाहेर जाताना शेजारी सांगून जा. अनोळखी माणसाला आपलं जाणं-येणं सांगू नका. कुणी घुटमळताना दिसला तर नाव-गाव विचारा. संशय आला तर एकटे अंगावर जाऊ नका, चार जणांना बोलवा आणि एकशे बाराला फोन लावा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवणं आपल्याला फार सुंदर जमतं! कीर्तनातसुद्धा! घरी गेलं की मान जागेवर.

आता ह्या आळीत दोघी शेजारणी. एक गोदूबाई वडके, चौसष्ट वर्षांच्या. दुसरी यमुनाबाई करडे. भिंतीला भिंत, आणि चार वर्षं दोघींतून विस्तव जात नव्हता. कारण काय? जमीन? वाटणी? छे! कुरडया! गोदूबाईंनी सामाईक ओट्यावर कुरडया वाळत घातल्या, यमुनाबाईंनी ओटा धुतला, पाणी गेलं कुरडयांखाली. झालं! "मुद्दाम केलंस!" "ओटा तुझ्या एकटीचा आहे का?" तिथून अबोला. चार उन्हाळे गेले, नव्या कुरडया झाल्या, तळल्या, संपल्या. ह्यांची ती भिजकी कुरडई काही संपेना!

यमुनाबाईंची मुलगी शालन. लहानपणी गोदूबाईंच्याच मांडीवर वाढलेली. अबोला झाला तरी पोर आईची पाठ वळली की खिडकीतून हळूच हाक मारायची, "गोदूमावशी, जेवलीस का?" आणि म्हातारी दुसरीकडे तोंड फिरवून म्हणायची, "जेवले हो!" अशी माया!

ह्या शालनचं लग्न ठरलं. यमुनाबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून लेकीचे दागिने घडवले. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या राहिल्या. दागिने घरातच, कपाटात. लग्न आठ दिवसांवर. आणि आपल्याकडे पहिली पत्रिका कुणाला? कुलदेवाला! तेव्हा बुधवारी सगळ्यांनी देवाला जायचं ठरलं.

सोमवारी दारात एक माणूस आला. हातात टेप, कानावर पेन्सिल. "मांडववाल्यानं पाठवलंय. मापं घ्यायचीत." पुढून मोजलं, मागून मोजलं. मागल्या दाराचं कुलूपही बघितलं असेल, कोण लक्ष देतो! मग म्हणाला, "परवा परत येऊ का, ताई?"

यमुनाबाई ओरडून म्हणाल्या — आळीतली बाई, हळू कशी बोलणार — "परवा नको! बुधवारी कुणी नाही घरात! सगळे देवाला चाललोय, तिन्हीसांजेला येऊ!"

मंडळी! ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याला सगळं सांगितलं! आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला? एक अक्षर नाही! का? तर कुरडया!

पण अबोला तोंडाचा असतो हो, कानाचा नसतो! गोदूबाईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, आणि त्याला जाताना दारातून बघितलंही होतं.

बुधवार उजाडला. अकरा वाजले. हातोडे जोरात. गोदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. बघतात तो काय — तोच टेपवाला! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि करड्यांच्या बोळात शिरला!

गोदूबाईंचा हात सुपात थांबला. "ह्याला तर सांगितलं होतं घरात कुणी नाही म्हणून. मग हा आला कशाला?"

मन म्हणालं, "तुला काय करायचंय? ती तुला सांगून गेली का? भोगू दे!" खोटं कशाला बोलू, क्षणभर म्हातारीला बरंसुद्धा वाटलं! माणूस आहे! तुम्हाला नसतं वाटलं?

आणि मग तिची नजर गेली त्या खिडकीकडे. बंद खिडकी. "गोदूमावशी, जेवलीस का?" — सूप बाजूला, पदर खोचला, उठली!

बोळात एकटी गेली का? नाही! फौजदारांचं बोलणं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ओरडली का? ओरडून ऐकणार कोण! ती शिरली आपल्या मुलाच्या, मुकुंदाच्या दुकानात आणि धरला त्याचा हातोड्याचा हात!

"अगं आई, बोट फुटेल!"

"थांब! यमुनेच्या घरात चोर शिरलाय. आधी एकशे बाराला फोन लाव!"

आणि निघाली ती पुढच्या दुकानात! बोटानं खूण करी, "थांब!" दुसरा हातोडा थांबला. तिसरा थांबला. चौसष्ट वर्षांची बाई, पायात चप्पल नाही, आळीभर धावतेय! सदुतात्यांना ऐकू येईना, तर त्यांच्या हातातला हातोडाच काढून घेतला!

वाजवा दामूअण्णा! जोरात! अजून जोरात! — थांबा!

ऐका. भरदिवसा तांबट आळी गप्प! कुणी जन्मात ऐकली नव्हती अशी शांतता. आणि त्या शांततेत, करड्यांच्या मागल्या दाराशी —

ठण्! ठण्! ठण्!

एकच हातोडा! एकटा! उघडा पडला! चोराच्याही लक्षात आलं. त्याचा हात थांबला. पण फार उशीर झाला होता. बोळाच्या ह्या तोंडाला अकरा तांबट, त्या तोंडाला अकरा तांबट!

एक जण हातोडा उगारून पुढे झाला, तशी गोदूबाई कडाडली, "हात लावायचा नाही कुणी! गाडी येईपर्यंत नुसतं उभं राहायचं!" आणि बावीस माणसं नुसती उभी राहिली. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले.

कुलूप मात्र तुटलं होतं. त्या दारात गोदूबाईंनी पाट मांडला आणि त्यावर बसल्या. पोलिसांशिवाय कुणाला आत सोडलं नाही. मुकुंदा ताट घेऊन आला तर म्हणाल्या, "ती येऊ दे आधी."

तिन्हीसांजेला करडे मंडळी परतली. आळीच्या तोंडाशीच कुणीतरी सांगितलं. यमुनाबाई धावत बोळात शिरल्या. तुटलेलं कुलूप बघितलं.

गोदूबाई म्हणाल्या — चार वर्षांनी पहिला शब्द, मंडळी! — "माझ्या कुरडया मी विसरलेली नाही. पण आत जा आणि दागिने बघून घे."

यमुनाबाई म्हणाल्या, "काय बघायचं? तू बसली होतीस ना दारात!"

आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. लग्नाची पत्रिका. वर नाव, सौ. नव्हे, श्रीमती नव्हे, नुसतं 'गोदूताई'. "चार दिवस पिशवीत घेऊन फिरतेय गं. द्यायला धीर होईना."

मागून शालन रडत रडत म्हणाली, "मावशी, जेवलीस का?"

आणि म्हातारी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून म्हणाली, "नाही गं बाळा! सकाळपासून उपाशी आहे!"

मंडळी, ते पाकीट सकाळी दिलं असतं, "आम्ही देवाला जातोय, लक्ष ठेव" एवढं म्हटलं असतं, तर ते कुलूप तुटलंच नसतं!

आता तुमच्याकडे वळतो. आत्ता ह्या घटकेला तुम्ही सगळे देवळात, आणि घराला कुलूप. कोणकोण शेजारी सांगून आलंय? हात वर करा!

— चार हात. ऐका ही शांतता! तुमच्याही आळीतले हातोडे थांबले!

आरती झाली की प्रसादाच्या दोन पुड्या घ्या. एक तुमची. दुसरी त्या दारात न्यायची, जिथली पायरी तुम्ही कित्येक दिवसांत चढला नाहीत. भांडण मिटवा असं मी म्हणत नाही, कुरडया हव्या तर लक्षात ठेवा! फक्त कडी वाजवा आणि विचारा, "जेवलात का?"

उठा, आरती घ्या. दामूअण्णा, आता हळू वाजवा... घराकडे कान राहू देत सगळ्यांचे!