गुरुवारची चौदा तिकिटं

नाही हो हिल्मीचाचा, खेळ बदलून नकोय, परत घ्या म्हणतेय — चौदाच्या चौदा. हे बघा, गुरुवार, सहाचा खेळ, चौथी रांग अख्खी. बाबांनी घेतली, मी परत करतेय. कारण? एक असतं तर सांगितलं असतं! मला काय वाटलं होतं, माहितीये? पाच वर्षं प्रागला सिनेमा शिकत होते, तिथं एका तळघरातल्या थिएटरात आम्ही अकरा माणसं बसायचो, तीसुद्धा उगाच ओळख निघायला नको म्हणून लांब लांब — आणि मी मनात म्हणायची, थांबा, दुमयातच्या समुद्रकिनाऱ्यावर, आमच्या रास-अल-बर्रला या एकदा. आमच्याकडे ईदला आजीपासून तान्ह्यापर्यंत अख्खं घर उठतं, नवे कपडे घालतं आणि सिनेमाला येतं! एवढी माणसं, एका अंधारात, एका पडद्याकडे तोंड करून — अशा लोकांना कुणी एकदा खरं काही दाखवलं, तर काय होईल? तर हे घेऊन मी परत आले. आणि सापडलं काय? सापडलं हेलिकॉप्टर.

हसू नका, तुम्हीच त्याचं पोस्टर या खिडकीवर लावलंय, बरोब्बर माझ्या डोक्यावर त्या हिरोचे बूट आहेत. भर दुपारी कैरोच्या पुलावर तो गाडी पळवतो आणि पुलावर दुसरी गाडी नाही! एक नाही! अहो, टाळ्या वाजवायच्या तर तिथं वाजवायच्या, त्याहून मोठा चमत्कार पुढं नाहीच. मग पूल उडतो, मग गोदाम उडतं, मग एक जहाज उडतं — जहाज का उडतं? कुणाला ठाऊक नाही, भाड्यानं आणलं होतं, फुकट कशाला घालवा. हिरोच्या दाढीचा केस हलत नाही. खलनायकाला मरण्याआधी भाषण करायला चार मिनिटं, आणि हिरोची बायको — आहे हो, बायको आहे त्याला — तिला अडीच तासांत दोन वाक्यं. ‘जाऊ नकोस’ आणि ‘आलास?’ शिसारी आली मला. शेजारचा माणूस सूर्यफुलाच्या बिया फोडत होता, टरफलं माझ्या बुटांवर, आणि मला वाटलं, याचंच बरोबर आहे, बियांत निदान काहीतरी निघतं.

दुसरा तो सासूचा. तो तर आम्ही ईदच्या पहिल्या दिवशी पाहिला, मी, बाबा आणि सुआदआत्या. जाडी बाई खुर्चीवर बसते, खुर्ची मोडते. बरं, एकदा मोडली — तीनदा! तिसऱ्यांदा तर बाई दारात दिसली तेव्हाच लोक ओरडायला लागले, ‘बस, बस!’ मग एक पुरुष बायकांचे कपडे घालून बायकांच्या खोलीत शिरतो, मग मध्येच लग्न. कुणाचं लग्न? माहीत नाही, कुणाचं तरी असतंच, त्याशिवाय ते ढणढण गाणं आणि ती नाचणारी बाई घालायची कुठं? बाबा काय म्हणाले, ऐका — एवढा गोंधळ चाललाय आणि हे माझ्या कानात, ‘इनास, त्या खुर्चीचा मागचा पाय आधीच करवतलाय बघ. आपल्याकडची खुर्ची अशी मोडत नाही.’ म्हणजे सबंध सिनेमात त्यांना राग कशाचा, तर खुर्चीची बदनामी केली त्याचा!

कोण? घ्या, घ्या, यांना घ्या आधी, मी आहे इथंच. भाऊ, कुठला घेताय? तिसरा, दुमयातवाला? तीन तिकिटं? नका घेऊ. खरंच सांगते, त्याच पैशात मुलांना वाटीवाटी तांदळाची खीर चारा, नदीकाठी फिरवा — बरं बरं चाचा, ओरडू नका, नाही बोलत. घ्या भाऊ, घ्या. ईद मुबारक.

गेला. हसतच गेला, बघितलंत? ‘आपल्यावर सिनेमा काढलाय म्हणे.’ सगळे हेच म्हणतात, बाबासुद्धा. काल सकाळी न्याहारीला बसलो, तर पांढऱ्या चीजच्या ताटलीशेजारी चौदा तिकिटं. त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यातले सगळे, त्यांच्या बायका, सुआदआत्या, आम्ही दोघं. मला म्हणाले, ‘गुरुवारी कुठं जाऊ नकोस.’ एवढंच. तुम्हाला ठाऊक आहेच, आमचे बाबा, तुमचे उस्ताद शाझली, लाकडाशी जास्त बोलतात, माणसांशी कमी. मी म्हटलं, बाबा, गुरुवारी मला कैरोत काम आहे. तर चहा ढवळत बसले. म्हणून मग काल संध्याकाळी मी एकटीच आले इथं, तुमचा पुतण्या होता खिडकीवर — म्हटलं, बघू तरी बाबा सगळ्यांना काय दाखवायला निघालेत.

काय दाखवणार! कैरोचा छेलबटाऊ दुमयातला मुलगी मागायला येतो. सासरा फर्निचरवाला. आणि दुमयातचा म्हटल्यावर कसा हवा? चमडी जाईल पण दमडी जाणार नाही! ‘जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?’ — हा विनोद माझ्या आजोबांच्या जन्माआधीचा असेल, तो आहेच. मग सासरा पाहुण्यासमोर बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करतो. मग दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढत नाही, पाहुणा घसरतो. मग दिवा मालवतो. म्हणतो, ‘बोलायला उजेड लागतो का?’ आणि अंधारात — अंधारात पाहुण्यानं आणलेला केक स्वतःच खातो, चाचा! दिवा लागतो तेव्हा तोंडाला, मिशीला सगळी मलई. आणि तो नवरामुलगा त्याच्या टाळक्यात एक ठेवून देतो, फाटकन. वयानं बापासारख्या माणसाच्या! थिएटर नुसतं कोसळलं. माझ्या शेजारची बाई आपल्या दुमयातचीच, डोळे पुसत मला कोपरानं ढोसतेय, ‘अगदी माझा भाऊ गं!’ मला वाटलं तिला धरून हलवावं. लिहिलं तेव्हा केक नव्हता त्यात. टपलीही नव्हती.

कुणी लिहिलं तेव्हा? ज्यानं लिहिलं असेल त्यानं. मी आपलं म्हणतेय, की असं कुणी लिहीत नाही, नंतर घुसडतात. असे बघू नका हो माझ्याकडे. मला लहानपणापासून बघताय म्हणून काय —

बरं. मी. मी लिहिलं. झालं समाधान? बाबांना मी सांगितलंय की कैरोत मासेमारांवर माहितीपट करतेय. कुठले मासेमार! आल्यावर सहा महिने दारोदार हिंडले, जो तो म्हणायचा, ‘प्राग? वा! चहा घेणार?’ शेवटी एका लेखक-उस्तादाच्या फ्लॅटवर जागा मिळाली. तिथंही कारखानाच असतो, चाचा — एक टेबल, सहा पोरंपोरी, सगळ्यांनी विनोद पाडायचे आणि पडद्यावर नाव एकट्या उस्तादाचं. तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. माझं नावच पाडलं त्यांनी, प्राग. ‘प्राग, तो ब्रेड दे इकडे.’ ‘प्राग, रडायचा सीन आला की तुला उठवतो.’ मग एक दिवस उस्ताद म्हणाले, ‘तू दुमयातची ना? मग सांग की काहीतरी, का ते पण जपून ठेवलंयस?’ सगळे हसले. आणि मी — मी सांगितलं, की आमचे बाबा गप्पा मारताना दिवा मालवतात. चाचा, ते सहाच्या सहा जण असे हसले, असे हसले! एकीनं माझ्या गळ्यात हात टाकला. उस्तादांनी स्वतःच्या हातानं मला कोफ्ता वाढला. आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की मी घरी आलेय. मग काय विचारता, सगळं दिलं मी. खिळे दिले, प्लास्टिक दिलं, भुसा चाळून ठेवतात ते दिलं. कुणी ओढून नाही घेतलं. मीच ओंजळीनं दिलं.

आणि तो दिवा का मालवायचे, ते नाही सांगितलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना! अम्मी गेली तेव्हा मी सात वर्षांची. संध्याकाळी मला झोप यायची नाही. बाबा दिवा मालवायचे, म्हणायचे, बोलायला उजेड लागतो का — आणि सिनेमे सांगायचे. तरुणपणी इथल्या उघड्या थिएटरात पाहिलेले, सबंध, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दार वाजलं की दार वाजवायचे, घोडा आला की घोडा. प्रागला प्रवेशाच्या वेळी विचारलं, तुम्ही पाहिलेला पहिला सिनेमा कोणता? मी नाव सांगितलं, त्यातली रेल्वे स्टेशनवरची ताटातूट सांगितली, ते तिघे परीक्षक मान डोलवत होते. तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही, चाचा. मी तो फक्त ऐकलाय. आणि मी तिकडं शिकले ते कशावर? त्या वाकड्या खिळ्यांवरच की! माणूस कवडीचुंबक कुणासाठी झाला?

म्हणून परत करतेय. कळलं ना? आता घ्या ती तिकिटं. तेरा माणसं शेजारी बसवून त्यांनी ते बघायचं, आणि तो केक, ती मलई — खिळे बघताक्षणी त्यांना कळणार. प्लास्टिक बघून उरलंसुरलं कळणार. ही पिशवी? अकराच्या बसनं निघालेय. त्यांना फोनवर सांगेन, पुठ्ठ्याची तिकिटं हरवली, माझ्याकडून हरवली, काहीही सांगेन. उद्या कैरोत बैठक आहे. दुसरा भाग काढतायत. गल्ला जमलाय ना! उस्तादांचा परवा निरोप आला, ‘प्राग, तुझ्या बापाचं अजून काय काय आहे?’

काय म्हणालात?

कुणी पाहिलाय? नाही, बाबांनी कुठला पाहिलाय, गुरुवारी बघणार आहेत, म्हणून तर — सोमवारी? परवाच्या सोमवारी? दुपारचा तीनचा? त्या दिवशी तर सुआदआत्याकडे मटण पोचवायला गेले होते. एकटे होते? नीट आठवा चाचा, दुसरं कुणी असेल. करडा सदरा, खिशात पेन्सिल. हो. तेच.

हसले का? नाही, तुम्हाला कसं कळणार, तुम्ही इथं बाहेर. नका सांगू. कळलं असलं तरी नका सांगू.

नावं संपेपर्यंत? सगळी? दिवे लागल्यावरसुद्धा? झाडणारी बाई तीनदा म्हणाली, ‘आजोबा, संपलं’ — आणि तरी बसून होते. आणि बाहेर येऊन तुम्हाला विचारलं, की तुमच्याकडची प्रत शेवटी कापलेली तर नाही ना. की पुढं अजून नावं असतात का. चष्मा पुसत विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, नाही उस्ताद, एवढीच असतात. आणि मग म्हणाले, चौदा द्या.

चाचा, माझं नाव नाही त्यात. काल ती नावं खालून वर सरकत होती ना, तेव्हा मी बिया फोडणाऱ्या त्या गर्दीत उभी राहून अल्लाचे आभार मानत होते, की बरं झालं, मी नाही त्यात. मला कुणी धरू शकत नाही. आणि ते सोमवारी त्याच पडद्यासमोर बसून — पुन्हा पुन्हा — ती इतकी बारीक अक्षरं —

नाही, काही नाही. धूळ आहे तुमच्या या खिडकीला, पुसत जा कधी.

आणा ती इकडे. नाही करत परत. सगळी आणा. आणि आणखी एक द्या, गुरुवारचंच — मी येत नाही म्हटल्यावर माझं आत्यानं शेजारणीला कबूल केलंय. चौथी तर आमचीच. पाचवीत? तीही गेली? मग कुठंही द्या, अगदी पडद्याखाली द्या, मान मोडली तरी चालेल. हो, पूर्ण दर घ्या, ओळखीचं काही नको. आणि दुमयातची मिनीबस अजून त्या कोपऱ्यावरूनच सुटते का? कैरोची नाही हो, दुमयातची! कारखाना उघडलाय त्यांनी, ईदचा चौथा दिवस असून, आत्या सांगत होती. बाकीचे यायच्या आधी मला गाठायचंय त्यांना. कैरोला काय कळवायचं ते मिनीबसमधून कळवीन, दोन शब्द पुरतात त्याला.

काय सांगणार त्यांना? ते तुम्हाला कशाला हवंय? तुम्ही तिकिटं विका. चला, मागं लोक खोळंबलेत —