शेऱ्याच्या रकान्यातले दोन शब्द

मंडळी, आख्यान लावण्याआधी मला एक सांगा. माणसाच्या हातून पाप घडतं कधी? शिवी दिली की? कुणाला लुबाडलं की? पुढच्या रांगेतले काका मान डोलवताहेत. डोलवा, डोलवा! पण आज मी गोष्ट सांगणार आहे ती अशा माणसाची, ज्यानं उभ्या जन्मात कुणाला अरे-तुरे केलं नाही. आणि त्याच्या हातून माणूस गेलं! कसं? ऐका.

समुद्रकाठी नांदवेळ नावाचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत विश्राम तारकर हे लिपिक. सव्वीस वर्षं एकच खुर्ची! आणि तोंडात एकच वाक्य — "हरकत नाही." नळाला पाणी नाही म्हणून बायका भांडायला आल्या — "बसा बसा, हरकत नाही." कुणाचा पायावर पाय पडला — "हरकत नाही!" गावानं सरपंच पाच बदलले, विश्रामभाऊंचं वाक्य काही बदललं नाही. हसताय? हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

गावात पर्यटक येऊ लागले. घरोघर पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. काल जिथं म्हैस बांधत होते तिथं आज पलंग! दारावर पाटी — 'सागरदर्शन'. समुद्र दिसतो का? दिसतो की! गच्चीवर चढून मान वाकडी केली तर दिसतो! मग तालुक्याहून हुकूम सुटला — खोल्या भाड्यानं देणाऱ्यांकडं परवाना आहे का, बघा. ज्यांनी अर्ज केलाय त्यांच्या घरी जाऊन पाहणी करा आणि अर्जावर पंचायतीचा शेरा लिहा. त्या शेऱ्यावर परवाना मिळणार! काम आलं विश्रामभाऊंकडं.

भाऊ हाडाचे प्रामाणिक हो! सख्ख्या चुलतभावाच्या अर्जावर लिहिलं — 'जिन्याला कठडा नाही.' चुलतभाऊ बोलेनासा झाला. पण भाऊ ढळले नाहीत. पंधरा घरं अशी झाली. सोळावं घर आलं कुंदावहिनींचं.

कुंदावहिनी म्हणजे भाऊंच्या दिवंगत मित्राची बायको. नवरा गेल्यावर परसात दोन खोल्या काढल्या आणि त्यावर उभी राहिली बाई. भाऊंनी खोल्या बघितल्या. चादरी स्वच्छ, अंगण सारवलेलं. मग न्हाणीघर उघडलं. भिंतीला गॅसचा गिझर. आणि वरच्या झरोक्यावर ठोकलेली फळी!

"वहिनी, हा झरोका का बंद केलात?"

"वानरं येतात हो भाऊजी! परवा पाहुण्यांचा साबण नेला, टॉवेल नेला. मग ठोकली फळी."

"पण गिझर आहे ना आत. हवा नको का खेळायला?"

"दिवाळीनंतर सुतार येतोय. जाळी बसवून घेते. तेवढ्यासाठी अडवू नका हो! हे असते तर तुम्हाला सांगावं लागलं नसतं."

झालं! मित्राचं नाव निघालं आणि भाऊंनी झरोक्यावरची नजर काढून घेतली. तोंडातून सवयीनं गेलं, "हरकत नाही, वहिनी." आणि सव्वीस वर्षांची खोड अशी, की तोंड बोलेल ते हात लिहायचा! शेऱ्याच्या रकान्यात अक्षरं उमटली — हरकत नाही.

मंडळी, घरात हे दोन शब्द म्हणजे गोडवा. सरकारी कागदावर? तिथं ते दोन शब्द म्हणजे परवानगी! भाऊंना हे कळत नव्हतं? कळत होतं! खोडता आलं असतं. पण समोर वहिनी कोकम सरबत घेऊन उभी. तिच्यादेखत कसं खोडायचं? संकोच! अहो, संकोचानं जेवढी घरं बुडाली तेवढी दारूनंही बुडाली नसतील!

दिवाळीच्या तोंडावर परवाना आला. भाऊंनी तो दोन दिवस खणात ठेवला. मन खात होतं. तिसऱ्या दिवशी दिला. म्हणाले, "वहिनी, तेवढी फळी काढा हां." वहिनी हसून म्हणाली, "काढते हो, हरकत नाही!" आणि परवाना काचेच्या चौकटीत घालून दारापाशी टांगला. सुतार? सुतार काही आला नाही.

नाताळची सुट्टी आली. वहिनींकडं उतरले साताऱ्याचे शिंत्रे मास्तर, त्यांची बायको आणि लेक अनघा. चोवीस वर्षांची पोर, पोस्टात नुकती लागलेली. प्रत्येक कागद वाचून सही करणारी! यायच्या आधी तिनं फोन केला — "काकू, तुमच्याकडे परवाना आहे ना? फोटो पाठवता?" वहिनीनं पाठवला. पोरीनं तो बाबांना दाखवला. म्हणाली, "बघा, सगळं रीतसर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली. गिझर पेटलेला, दार बंद, झरोका बंद. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो हो! आईनं हाक मारली. पुन्हा मारली. दार फोडलं तेव्हा पोर फरशीवर होती. संपलेली.

गावावर अवकळा आली. वहिनीनं परसातल्या खोल्यांचं कुलूप पुन्हा उघडलं नाही. सरपंच भाऊंच्या कानाशी लागले — "तारकर, रकान्यात जागा आहे. 'झरोका उघडण्याच्या अटीवर' एवढं वर लिहून टाका. तुम्ही सुटाल." भाऊंनी पेन उचललं. पण जो हात सव्वीस वर्षं आपसूक लिहीत होता, तो त्या दिवशी चालला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आठवड्यानं मास्तर पंचायतीत आले. हातात लेकीचा फोन, फोनात तो परवाना. आवाज चढला नाही. एवढंच विचारलं — "हा कुणाच्या शेऱ्यावर दिला?"

भाऊंनी अर्ज काढून समोर ठेवला. "अक्षर माझं आहे. झरोका बंद होता, मी बघितला होता."

"आम्ही विचारून आलो होतो हो," मास्तर म्हणाले. "तिनं विचारलं होतं."

भाऊ उठले. हात जोडले. डोळ्यांना धार लागलेली. "मला माफ करा."

मंडळी, आपल्यात कुणी माफी मागितली की समोरचा काय म्हणतो? सांगा! म्हणा मोठ्यानं! — हां, तेच! मास्तरांच्याही ओठांवर सवयीनं तेच आलं. तोंड उघडलं... आणि मिटलं. मास्तरांनी फोन खिशात घातला आणि निघून गेले. विश्रामभाऊ अजून नांदवेळेत आहेत. नोकरी सुटली, चौकशी चालू आहे. पण ते दोन शब्द त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा उच्चारले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं परवाने देतो? देता! मघाशी मी या मंडपात शिरलो तेव्हा त्या बायकांच्या बाजूच्या खांबाला उघडी वायर गुंडाळलेली बघितली. मी तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, हे काय? अध्यक्ष हात जोडून म्हणाले — काय म्हणाले, अध्यक्ष? मान खाली घालू नका, सांगा सगळ्यांना! आणि मंडळी, मी काय केलं? मीही हसलो आणि हार घालून घेतला!

तेव्हा गजर थांबवा. टाळ खाली ठेवा. बायकांनी पोरं घेऊन अलीकडं सरकावं. आधी ती वायर सोडवू. देवाचं नाव मग घेऊ.