देविदासकाकाचं नाव त्या पडद्यावर नको

कारखान्यातली पाळी बुडवून आलेल्या भावांनो, मावश्यांनो, आणि पर्वत पाटियाच्या आमच्या ऑफिसातून आलेल्या सगळ्यांनो, मी सुनंदा. देविदासकाकाची पुतणी. माझा आवाज मागपर्यंत पोचत नसेल तर सांगा. मला उभं राहून बोलायची सवय नाही. मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. पण माझ्याआधी आमच्या ऑफिसचे मालक हसुभाई बोलले, आणि आता त्या ओळी वाचायला जीभ उचलत नाही.

हसुभाई म्हणाले, देविदासनं कधी कशाला नाही म्हटलं नाही.

हे खरं नाही. काकाचा चेहरा तुमच्यासमोर फोटोत आहे, त्याच्यासमोर हे खोटं राहू द्यायचं का? काका रोज नाही म्हणायचा. ऑफिसात त्याला 'ना पाडनार काका' म्हणायचे, नाही म्हणणारा काका. काकाला चहा विचारला, तर चहा संपला असेल तर काय करायचं ते तो आधी सांगेल, असं सगळे हसायचे. तोही हसायचा. पण नाही म्हणायचं ते म्हणायचाच.

मला त्यानंच शिकवलं. आम्ही धुळ्याकडून इकडे आलो तेव्हा माझं नाव शाळेत लागलं नाही. आई घरात बॉबिन भरायची, आणि काका कारखान्यात पाळी नसेल तेव्हा मला पाटीवर शिकवायचा. मी थेट पाचवीत शाळेत गेले. गणित चुकलं तर तो रागवत नसे. येत नसताना अंदाजानं काही लिहिलं, तर मात्र पाटी काढून घ्यायचा. 'येत नाही' असं लिही म्हणायचा. हे दोन शब्द लिहायला लाज कसली? पुढे तो स्वतः कारखाना सोडून कॉम्प्युटर शिकला, मग मला शिकवलं, मग ऑफिसात लावलं. पाटीचा नियम तोच राहिला.

आपल्या गल्लीलाही तो नियम माहीत आहे. शांतामावशी, तुम्ही इथेच बसला आहात. तुमच्या मुलाला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर गुजरातीत बोलत होते आणि काका तुम्हाला सांगत होता. डॉक्टर म्हणाले, अजून कळत नाही. काकानं तेच सांगितलं. तुम्ही त्याच्यावर चिडलात. बरा होईल म्हणायला तुझं काय जातं, म्हणालात. तेव्हा तो बोलला ते तुम्हीच मला सांगितलंय.

"वहिनी, तो बोलना नही, ते मी कथाईन सांगू?"

डॉक्टर बोललाच नाही, ते काका कुठून सांगणार? भावांनो, ऑफिसातही त्याचं काम हेच होतं. ज्यांना कॉम्प्युटर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे तारेतून जे जातं, ते लहान लहान पॅकेटं होऊन जातं. ती पॅकेटं वाटेत पकडून बघणारी एक तयार लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. ती एका भाषेत लिहिलेली, आणि आमचे प्रोग्राम दुसऱ्या भाषेत. दोघांच्या मध्ये एक थर लागतो. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगणारा. त्याला रॅपर म्हणतात. लायब्ररीची नवी आवृत्ती आली, तिच्यात नवी फंक्शनं आली, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे तुकडे. ती एकेक करून आपल्या रॅपरमध्ये आणायची, हे काकाचं काम. प्रत्येक फंक्शनला तो आधी एकच विचारायचा. तुला जमलं नाही तर तू काय सांगशील? ते नीट लिहून झाल्यावरच पुढचं.

त्याला वेळ लागायचा. हसुभाई रोज विचारायचे, थई जशे ने? होऊन जाईल ना? काका म्हणायचा, अजून नाही.

मग तो आजारी पडला. हसुभाईंनी दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी पाठवली. हे खरं आहे, आणि मी हे सांगितलंच पाहिजे. पण तो दवाखान्यात असताना ऑफिसात काय झालं, तेही खरं आहे. दोन फंक्शनं राहिली होती. ती कोणी लिहिली नाहीत. नुसती नावं घातली आणि आत उत्तर ठेवलं, शून्य. यादी पूर्ण दिसली.

त्यातल्या एका फंक्शनचं काम काय, ऐका. तारेवर गर्दी झाली की आपला प्रोग्राम काही पॅकेटं पकडू शकत नाही, ती निसटतात. किती निसटली, हे त्या फंक्शननं सांगायचं असतं. आता ते काही मोजत नाही. कधीही विचारा, म्हणतं शून्य. एकही निसटलं नाही.

शून्यानं कोणाचं काय बिघडतं? हसुभाईंनी मला हेच विचारलं. गिऱ्हाईक खूष राहील, म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं आणि दवाखान्यात जाऊन काकाला सांगितलं. तो उठून बसला. म्हणाला, मी बरा झालो की आधी ते.

तो बरा झाला नाही.

आपला प्रोग्राम कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात बसणार आहे. तिथे कापडाच्या लॉटच्या एंट्र्या हरवतात. मिलमधून पाठवल्या म्हणतात, मार्केटच्या दुकानात पोचत नाहीत. मालकाला बघायचंय, चूक कोणाची. आता विचार करा. एंट्री गेली, पण आपल्या प्रोग्रामच्या हातून ती निसटली. प्रोग्राम म्हणणार, माझ्याकडून एकही निसटलं नाही, आणि ही एंट्री तर मी पाहिलीच नाही. म्हणजे पाठवणाऱ्यानं ती पाठवलीच नाही. पाठवणारे कोण? गोडादऱ्याच्या, आपल्याच वस्तीतल्या मुली तिथे एंट्री करतात. तिघी या सभेत बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहा. उद्या त्यांना खोटारड्या म्हणतील, कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणून म्हणतील, आणि कॉम्प्युटरशी भांडायला त्या जाणार कुठे?

आणि आज, इथे, काकाच्या फोटोच्या हारासमोर उभं राहून हसुभाईंनी जाहीर केलं की आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती सोमवारी मिलमध्ये जाईल, आणि श्रद्धांजली म्हणून तिच्या पहिल्या पडद्यावर देविदासचं नाव असेल. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. ऑफिसच्या लोकांनीही वाजवल्या. त्यांना माहीत होतं.

टाळ्या चालू असताना काकूनं माझा हात धरला. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. तिनं एवढंच विचारलं.

"ते काम त्यास्नी पूरं करेल व्हतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग नाव काढाले सांग."

म्हणून मी उभी राहिले. उद्या मला ऑफिसात खुर्ची असेल की नाही, ठाऊक नाही.

हसुभाई, तुम्ही वीस वर्षं आमच्या लोकांत आहात, तुम्हाला मराठी समजते. ती दोन फंक्शनं काढून टाका. किंवा राहू द्या, पण विचारलं की त्यांनी 'मला हे येत नाही' असं सांगावं. तेवढं मी एका दिवसात करून देते. काकानं तेवढं मला शिकवलंय. ते नको असेल तर सोमवारी तुमचा माल तुमच्या नावानं पाठवा. त्याच्या नावानं नको. मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून त्याचं नाव तुम्हाला सोयीचं झालं का?

आत्ता इथे मला हो म्हणू नका. तुमचं हो मी रोज ऐकते.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. मग बाहेर पडताना प्रत्येक जण काकूपुढे क्षणभर थांबेल, हात जोडेल. हसुभाई, तुम्हीही थांबाल. तेव्हा तिला एकच सांगा, नाव काढतो की नाही काढत. दुसरं काही बोलू नका. ती तुमच्याकडेच बघत असेल.

उठा.