पिंडर व्हायचंय म्हणे

— नाही, उठू नकोस, बस. तिथेच बस, त्या दगडावर, पॅन्टला काही होत नाही. फाटकाची बिजागरी धरायला चल म्हणालो ते बेथला ऐकवायला, बिजागरीला काही धाड भरलेली नाही. घरात बोलता येत नाही, घरात तिचे कान सगळीकडे असतात — माझीच पोरगी, पण अगदी आईवर गेलीय. तर आता मघाशी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता, मीठ मागावं तसं जे सहज बोलून गेलास ना, ते पुन्हा बोल. लग्न करायचंय, ठीक आहे, त्याचा अंदाज होता मला, आंधळा नाही मी — पण लग्नानंतर बेथ तुझं आडनाव लावणार नाही, तूच आमचं लावणार. तिमोन पिंडर. असंच म्हणालास ना? कान गेलेत माझे, पण एवढेही गेलेले नाहीत.

तर का? — नाही, थांब, आधी मला माझं विचारू दे. आयुष्यभर ट्रक चालवला मी, वीजकेंद्रांना कोळसा वाहिला, तऱ्हेतऱ्हेची माणसं शेजारी बसवून नेली, आणि मला एवढं कळतं की आपलं नाव टाकून दुसऱ्याचं घ्यायला निघालेला माणूस कुणाला तरी चुकवत असतो. तू कुणाला चुकवतोयस? पोलीस? बरं, पोलीस नाहीत. आधीची एखादी बायको? हसू नकोस, तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची आहे, मी पाहिलीय — हो, वाकून पाहिलीय, काचेला नाक लावून पाहिलीय, माझ्या दारात गाडी उभी केलीस तर मी पाहणारच. बहिणीच्या पोराची. असेल. बेथही तेच म्हणाली, आणि दोघांनी अगदी सारख्या शब्दांत सांगितलंत म्हणून तर मला जास्तच शंका आली. पबवाल्या लेनर्डला विचारलं तुझ्याबद्दल, तो म्हणाला पोरगा साधा आहे, एक ग्लास घेतो आणि उठतो. साधा माणूस एकच ग्लास का घेतो, हेही मला कळलं नाही.

आणि घेतोयस ते काय घेतोयस, माहीत तरी आहे का तुला? कुठे बसलायस तू? नाही, बाग नाही ही. हा कोंडवाडा आहे, वेल्डरबी गावचा कोंडवाडा, ह्या भिंती माझ्या आज्याच्या आज्याच्याही आधीच्या. मोकाट गाय, दुसऱ्याच्या गव्हात शिरलेली मेंढी, रस्त्यावर भटकणारं घोडं — ते हाकत आणायचं, इथे कोंडायचं, आणि धन्याकडून दंड घेतल्याशिवाय सोडायचं नाही. हे ज्याचं काम तो पिंडर. झालं, एवढीच आमची कुळकथा. सरदार नाही, जमीनदार नाही, लढाईत कुणी पडलेला नाही. लोहार गावाला हवा असतो, गिरणीवाला हवा असतो, पिंडर कुणालाही नको असतो — ज्याची गाय धरली तो शिव्या देतो, आणि ज्याचा गहू खाल्ला तो म्हणतो की उशिरा धरली. माझ्या पणज्याच्या दारावर शेण फेकायचे लोक, आमच्या घरात हे अभिमानाने सांगतात, म्हणजे बघ सांगायला दुसरं काय होतं ते. आणि म्हणूनच स्मिथ, म्हणजे लोहार, जिकडे तिकडे, पायलीचे पन्नास, आणि आम्ही इथेच, उत्तरेच्या ह्या पट्ट्यात — यॉर्कशर, लिंकनशर, हे आमचं नॉटिंगमशर — दक्षिणेत गेलास तर पिंडर शोधावा लागेल. लंडनला एका पोऱ्याने मला दोनदा स्पेलिंग विचारलं. हां, बहामा बेटांवर मात्र आहेत, तिथल्या एका बेटावर तर म्हणे दगड मारला तर पिंडरलाच लागतो. गेल्या उन्हाळ्यात आली होती एक बाई तिथून, सावळी, डोक्यावर झकास टोपी, इथे उभी राहून फोटो काढला आणि मला 'काका' म्हणाली. मला वाटलं आता ही काहीतरी मागणार. नाही मागितलं. तिच्या माणसांना हे नाव कुणी दिलं आणि कसं दिलं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर अशा नावावर तुझा डोळा. बरं, तुझं स्वतःचं काय वाईट आहे? कोवो — थांब, सांगू नकोस, मी पाठ केलंय — कोवोजेचिक. बघ. जमलं की नाही? रेटफर्डच्या बाजारात ते तुमच्या लोकांचं दुकान आहे ना, सॉसेजवालं, तिथे ती दानूता बसते, तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, वर अर्धा किलो सॉसेज गळ्यात मारलं तिने. म्हटलं, बाई, ह्या नावाला काही अर्थ आहे का, की नुसतंच लांब आहे? तर म्हणाली, चाकं करणारा सुतार असतो ना, गाडीची चाकं, त्याचा पोरगा. म्हणजे तुझ्या माणसांनी चाकं केली, पोलंडमध्ये कुठेतरी, आणि त्या चाकांवर लोक बाजाराला गेले, लग्नाला गेले — आणि ते सोडून तू गुरं कोंडणाऱ्याचं नाव घेणार? ह्याला व्यवहार म्हणत नाहीत, गड्या. घाट्याचा सौदा आनंदाने करायला निघालेला माणूस दिसला की मी आधी खिसा चाचपतो.

हो, ऐकलं, ऐकलं. दाताच्या डॉक्टरकडे नर्स नुसतं 'मिस्टर के' म्हणून हाक मारते. शाळेत पोरं काय काय म्हणायची, तेही ऐकलं. उद्या तुमची पोरं होतील, त्यांना तो ताप नको. असेल, खरं असेल, चार वर्षांचा होतास म्हणतोस इथे आलास तेव्हा, भोगलं असशील. पण ही कल्पना तुझी की तिची? खरं सांग. — हं. वाटलंच मला. पिंडर बुडायला नको, बाबांनंतर कुणी नाही, असं म्हणाली ती? रडली? बेथ रडली? मला तर तिने — बरं. राहू दे. पण बुडायचा प्रश्न येतो कुठे, रसेल आहे ना, तिचा भाऊ, धडधाकट, लीड्सला एवढं मोठं ऑफिस —

नाही. बरोबर आहे तुझं. तिने सांगितलेलं दिसतंय. रसेल थर्लबी झालाय तो आता. सासऱ्याची पेढी, पेढीवर सासऱ्याचं नाव, सासऱ्याला मुलगा नाही, मग जावयानेच ते चालवावं — असं काहीतरी. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याच्या आईला ठाऊक होतं की काय कोण जाणे, ग्लेनिसच्या पोटात पुष्कळ गोष्टी राहायच्या, माझं डोकं तापू नये म्हणून. ते जाऊ दे. तुझ्या वडिलांचं बोल. स्पॉल्डिंगला असतात, भाज्या धुऊन भरतात त्या कारखान्यात, बरोबर? इंग्रजी येतं त्यांना? कामापुरतं. आणि त्यांना सांगितलंस का हे? — बूट बघू नकोस, बूट स्वच्छ आहेत, माझ्याकडे बघ. सांगितलंस? नाही सांगितलंस.

अरे, कोंडवाड्याचा एक कायदा होता, तो तरी ऐक. धरलेलं जनावर पिंडरचं नसतं. कितीही गोंडस असो, दूध देत असो, त्याला आवडलेलं असो — त्याचं नसतं. त्याला चारा-पाणी द्यायचं आणि पुकारा करायचा, चर्चमध्ये आणि जवळच्या दोन बाजारांत — अमुक रंगाची गाय, कानाला अशी अशी खाच, कुणाची असेल त्याने यावं. पुकारा न करता ठेवून घेतली तर ती चोरी, मग फाटकाची किल्ली तुझ्याकडे असो नाहीतर राजाकडे असो. म्हणून विचारतोय. तुझा बाप जिवंत आहे, दीड-दोन तासांवर आहे, आणि इथे मी त्याचा पोरगा आपलासा करायचा, त्याच्या कानावर न घालता? त्याला कळेल कसं? लग्नाच्या पत्रिकेवरून? की एखाद्या दिवशी फोन करेल तेव्हा? कारण फोन तो करणारच कधीतरी, बाप माणूस — आणि फोनवर कुणीतरी सभ्य बाई त्याला सांगेल की साहेब, या नावाचं इथे कुणी नाही.

मी काय म्हणतोय ते मला ठाऊक आहे. तसं झालेलंच आहे. — नाही, कुणाचं म्हणून काय विचारतोस, माझंच. ग्लेनिसला सकाळीच हॉस्पिटलात नेलं, अंगणात कपडे वाळत घालता घालता पडली ती, डॉक्टर म्हणाले, मुलांना बोलवा. बेथ तेव्हा न्यूझीलंडला, तिकडे मध्यरात्र, ती उचलेना. रसेलने मोबाइल बदललेला, नवा नंबर ग्लेनिसच्या डोक्यात, आणि ग्लेनिस शुद्धीवर नाही. मग मी त्याच्या ऑफिसला लावला, हॉस्पिटलच्या फोनवरून. म्हटलं रसेल पिंडरला द्या, घरचा फोन आहे. तिथली बाई म्हणाली पिंडर नावाचं कुणी नाही आमच्याकडे. मला वाटलं नंबर चुकला, पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई, गोड आवाज. मी म्हटलं उंच आहे, डाव्या भुवईवर व्रण आहे, झाडावरून पडला होता — काय मूर्खासारखं बोलत होतो मी — ती म्हणाली माफ करा साहेब, या नावाचं खरंच कुणी नाही. आणि मी ठेवून दिला. कारण मला वाटलं, पोराची नोकरी गेली, आणि त्याने आमच्यापासून लपवलंय, आणि मी आणखी विचारलं तर त्याचीच शोभा होईल. त्याची अब्रू झाकायला म्हणून ठेवला मी फोन. त्या वेळी तो बसला असेल तिथेच, तिच्या मागच्या खोलीत, चहा घेत. संध्याकाळी गेली ग्लेनिस. शेवटपर्यंत मी तिला सांगत होतो की तो निघालाय, वाटेत आहे.

त्याला दुसऱ्या दिवशी बेथकडून कळलं, तिकडून, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारात माझ्यासमोर उभा राहिला, म्हणाला, तुम्हाला एक फोन करता आला नाही? आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या सासरचं कुणीतरी मागून म्हणालं, मिस्टर थर्लबी, गाडी आलीय. आणि हा वळला. त्या नावाला वळला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की नोकरी गेली नव्हती, नाव गेलं होतं. — मग सांगितलं का नाही म्हणतोस? काय सांगू? की केला होता फोन, बाळा, पण तू जे नाव टाकलंस तेच घेऊन विचारत होतो मी, म्हणून तुला आईचं तोंड बघायला मिळालं नाही? हे एकदा ऐकलं की तो कुठे जाणार, कुठे ठेवणार ते? जन्मभर पुरलं असतं त्याला. मी म्हटलं, सुचलं नाही रे. त्यावर तो गेला तो गेलाच. ख्रिसमसला सून कार्ड पाठवते. बेथही मला तेच बोलते अधूनमधून, बाबा, तुम्ही एक फोन केला असता तर. बोलू दे. माझ्यावर रागावलेला बरा, माझी पाठ रुंद आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. फार वाटतं. आणि हे मी तुला का सांगितलं, मला माहीत नाही. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, आणि तू कोण, तुझी-माझी ओळख किती. तूच काहीतरी करून काढून घेतलंस. एकच ग्लास घेणारी माणसं अशीच असतात.

बेथच्या कानावर यातलं एक अक्षर जाता कामा नये. ती रसेलला सांगेल. तिच्या गळ्याची शपथ घे. — हो, मान हलवलीस ते पाहिलं, तोंडाने म्हण.

तर नाव. नाव काय, मी ते विकत घेतलेलं नाही, मला अडवता यायचं नाही, घे हवं तर. पण आज स्पॉल्डिंगला जा. फोनवर नाही, समोर बसून सांग. ओरडेल, ओरडू दे, रडला तर रडू दे, बाहेर पडून सिगारेट ओढत उभा राहिला तर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा. आणि मग हे नवं नाव त्याच्याकडून म्हणवून घे, पुन्हा पुन्हा, दानूताने माझ्याकडून म्हणवून घेतलं तसं, ऑफिसातल्या कुठल्याही बाईला कळेल इतकं स्पष्ट. मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या फोनशेजारी चिकटव. त्यानंतर ये, मग बघू.

ती बघ, दारात येऊन उभी राहिली, हातात चमचा. काही विचारलं तर म्हण, म्हातारा बिजागरीला तेल घालत होता. — नाही, जेवायला थांबू नकोस. तुझं ताट मी झाकून ठेवायला सांगतो. जा.