मागचे हूक

मी शिवलेल्या ब्लाऊजचं लुकबुक, म्हणजे फोटोंचं पुस्तक, काढायचं ठरलं तवाची गोष्ट. आळंदचे फोटोग्राफर अण्णा म्हणाले, "अक्का, मॉडेल, मेकप आन मदतीला एक बाई, एवढा खर्च धरा."

मॉडेल अन् मेकप मी काटला. मीच उभारणार होते.

"बाई कामून लागतीय?"

"मागचे हूक कोण लावणार?"

म्हणून शेजारच्या पार्वतीला अर्ध्या दिवसाच्या रोजानं धरलं. फोटो झाले, ती तुरीच्या रानात गेली. घरी आले तर हूक काढायला हात मागं पुरंना. शेवटी कात्रीनं ब्लाऊज समोरून उभं कापलं. मग तिथंच हूक लावले.

आता माझ्या सगळ्याच ब्लाऊजला हूक समोर असतेत. बायका विचारतेत, "मागच्या हुकाची फॅशन गेली का?"

मी व्हय म्हणते.